रंग आधी आला, दिवा नंतर

१९८७ साली मला ट्रेनिंगला पाठवलं, तोवर पाच वर्षं मी रोज बेडक्याच्या स्लाइडी वाचत होते आणि क्षयाचा जंतू लाल असतो अशी माझ्या डोळ्यांची खात्री झाली होती. पुस्तकात वाचलं होतं की जंतूला स्वतःचा रंग नसतो, लाल असतो तो आपण चढवलेला डाग. पण दिवसाला तीस-तीस स्लाइडी बघणाऱ्या माणसाला पुस्तक कुठलं आठवायला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडी दिसली की पॉझिटिव्ह, एवढंच डोक्यात.

मोठ्या शहरातल्या त्या प्रयोगशाळेत एक अंधारी खोली होती. दाराला आतून काळा पडदा, खिडक्यांना काळा कागद. तिथले सीनियर काका म्हणाले, “बसा बाई, आधी पाच मिनिटं नुसत्या बसा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.” मग त्यांनी मायक्रोस्कोपची फट उघडली. मला पहिल्यांदा दिसली ती माझीच बाही. दिव्याच्या डब्यातून थोडा प्रकाश गळत होता आणि त्यात माझ्या पांढऱ्या कोटाची कड निळसर उजळली होती. “कपड्यांना रानीपाल वापरता ना घरी?” काका हसले. मी भिंगाला डोळा लावला. काळ्या पाटीवर कुणी टोकदार खडूने बारीक पिवळ्या-हिरव्या रेघा मारून ठेवाव्यात, तसे जंतू. शोधावे लागतच नव्हते.

“हा डाग कुणी शोधला?” मी विचारलं.

“जर्मनांनी. ते नंतर. आधी फील्ड मोजा.”

ते ‘नंतर’ माझ्या आयुष्यात आलं २०१८ साली, रिटायर झाल्यावर.

लाल डागाची पद्धत आधी सांगते, म्हणजे फरक कळेल. डबी उघडायची, खराट्याच्या काडीचं टोक चेचून त्याने बेडक्यातला पिवळट, घट्ट भाग उचलायचा, काचेवर लंबगोल पसरायचा. वाळला की ज्योतीवरून फिरवायचा. वरून कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला पेटता बोळा काचेखालून फिरवत राहायचं. वाफ आली पाहिजे, उकळी येता कामा नये. मग ॲसिडने धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. शेवटी मिथिलिन ब्लू. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला आणि वर्ष-दीड वर्षात एर्लिख, झील आणि नीलसन यांनी डाग आजच्या रूपात आणला. शंभर वर्षांनी, १९८२ साली मी नोकरीला लागले, तेव्हाही आम्ही तेच करत होतो. हजारपट मोठं करून, तेलाचा थेंब टाकून, शंभर फील्ड, म्हणजे एका नजरेत दिसणाऱ्या शंभर जागा. एक स्लाइड नीट वाचायला पाच मिनिटं तरी हवीत. तीस स्लाइडींचे अडीच तास होतात, आणि दुपारनंतर मान अवघडलेला माणूस किती नीट वाचतो ते आम्हा वाचणाऱ्यांनाच माहीत.

काकांच्या खोलीतल्या पिवळ्या डागात बोळा नाही, तेल नाही. ऑरामिन हा रंग ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, ॲसिड-अल्कोहोलने धुवायचं, मग पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे बाकीचा पसारा काळवंडतो. चाळीसचं भिंग पुरतं. त्यात एका नजरेत तेलाच्या भिंगापेक्षा सहापट जागा दिसते. दोन मिनिटांत स्लाइड वाचून होते, आणि अभ्यासांमध्ये लाल डागापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त रुग्ण सापडतात. मग ही पद्धत १९८७ साली एका अंधाऱ्या खोलीत का अडकून पडली होती, आणि आमच्या जिल्ह्यात रुजायला २०१३ का उजाडलं? रिटायर झाल्यावर मी खोदायला घेतलं ते या प्रश्नापायी.

गोष्ट सुरू होते एका लाकडापासून. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ साली मेक्सिकोहून आलेल्या एका औषधी लाकडाबद्दल लिहिलं. मूत्रपिंडाच्या विकारावर ते लाकूड पाण्यात भिजत घालत आणि ते पाणी निळसर दिसे. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं लोक त्या निळ्याचं नवल करत राहिले, उलगडा कुणाला झाला नाही. १८४५ साली जॉन हर्शेलला तसाच निळा थर दिसला तो कोयनेलच्या द्रावणात. हो, तेच कोयनेल, हिवतापात आमची आजी नाक दाबून आम्हाला पाजायची ते. नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा दुकानात मिळतो. घरी अंधार करून तो टॉनिक वॉटरच्या पेल्यावर धरा. पाण्यासारखं पाणी निळं उजळतं, कारण त्यात किंचित कोयनेल असतं. मी नातवाला हे दाखवलं, तर तो म्हणाला, “आजी, यात बॅटरी आहे का?” प्रश्न बरोबर होता. स्वतःचा उजेड कुठून आणणार ते पाणी?

याचं उत्तर केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने १८५२ साली दिलं. कोयनेल डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश गिळतं आणि दिसणारा निळा बाहेर टाकतं. रेणूच्या हातात रुपया ठेवला, तर तो बारा आणे परत देतो. चार आणे त्याच्या अंगाच्या उष्णतेत जिरतात, म्हणून परत येणारा प्रकाश नेहमी थोडा कमी जोराचा, लालाकडे सरकलेला असतो. हे सगळं सेकंदाच्या काही अब्जांश भागात उरकतं. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून स्टोक्सनेच या प्रकाराला फ्लुओरसन्स हे नाव दिलं. मराठी पुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात. आम्ही नुसतं ‘चमकतं’ म्हणायचो.

स्टोक्सचा दिवा कुठला? सूर्य. सांगतात की निळ्या गाळणीसाठी त्याने खिडकीची रंगीत काच घेतली आणि डोळ्यासमोर पिवळी गाळणी म्हणून वाइनचा पेला धरला. मायक्रोस्कोपमध्ये आजही याच दोन गाळण्या आहेत, एक दिव्यापुढे, एक डोळ्यापुढे. पहिली निळा तेवढाच आत सोडते, दुसरी नेमका तो निळा अडवून हिरवा-पिवळा तेवढा डोळ्यांपर्यंत येऊ देते. माझ्या नोकरीतल्या निम्म्या तक्रारी या दोन गाळण्यांवर साचलेल्या बुरशीच्या होत्या. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलायला विसरलं की संपलं.

पुढची वीस-तीस वर्षं रंगवाल्यांची. अठरा वर्षांचा विल्यम पर्किन १८५६ साली कोयनेल बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. कोळशाच्या डांबरापासून रंग काढायची शर्यतच लागली. १८७१ साली अडोल्फ फॉन बायरने फ्लुओरेसीन बनवलं. त्याची ताकद लोकांना कळली ती पाण्यावरून झालेल्या एका भांडणातून. दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचं पाणी उन्हाळ्यात चुनखडीच्या भेगांत गडप होतं. ते जातं कुठे? १८७७च्या ऑक्टोबरात भूगर्भतज्ज्ञ अडोल्फ क्नोप यांनी त्या भेगेत दहा किलो फ्लुओरेसीन ओतलं. सोबत काही टन मीठही. साधारण साठ तासांनी, बारा किलोमीटरवरच्या आख नदीच्या उगमातून लख्ख हिरवं पाणी वर आलं. आखचं पाणी पुढे ऱ्हाइनला मिळतं. म्हणजे डॅन्यूबचं पाणी चोरवाटेने ऱ्हाइनला जात होतं. इथे दिवा लागलाच नाही, उघड्यावरचा दिवसाचा उजेड पुरला. पाच वर्षांनी पाउल एर्लिखने तोच पदार्थ प्राण्यांच्या अंगात सोडून डोळ्यातलं पाणी कुठून झिरपतं ते पाहिलं. आज डायबेटिसच्या रुग्णाच्या दंडात पिवळं इंजेक्शन देऊन डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढतात, ते हेच फ्लुओरेसीन. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते आणि माणसं घाबरून आम्हाला फोन करतात.

आमचं ऑरामिन १८८३चं. कारो आणि केर्न या दोघांनी बनवलं ते कागद, रेशीम, चामडं पिवळं करण्यासाठी. औषधाशी त्याचा काही संबंध नव्हता. पन्नासेक वर्षं ते रंगाऱ्यांच्या पिंपातच होतं.

कारण तसं बघायला यंत्र नव्हतं. जेनाच्या झाइस कारखान्यात आउगुस्ट क्योलर १९०४ साली अतिनील प्रकाशाचा मायक्रोस्कोप करत होता. उद्देश वेगळाच, आणखी बारीक दिसावं हा. नमुने चमकून चित्र बिघडवतात ही त्याची डोकेदुखी. तीच डोकेदुखी कामाला लावून हाइमश्टेट आणि लेमान यांनी १९११ ते १९१३च्या दरम्यान पहिले फ्लुओरसन्स मायक्रोस्कोप केले. दिवा कोळशाच्या कांड्यांचा, ठिणगीचा. धूर, उष्णता, आणि कांडी झिजली की पुन्हा जुळवायची. व्हिएन्नात माक्स हाइटिंगरने पुढे रंगांची यादी करून एकेका ऊतीला कुठला रंग चमकवतो ते बसवलं. हायडेलबर्गमध्ये १९२९ साली एलिंगर आणि हिर्ट या दोघांनी जिवंत बेडकाच्या मूत्रपिंडात चमकता रंग वाहताना पाहिला. या जोडीचं पुढे काय झालं ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एलिंगर ज्यू. त्यांना देश सोडून लंडन गाठावं लागलं. हिर्ट एसएसमध्ये गेला आणि स्ट्रासबुर्गमध्ये सांगाड्यांचा संग्रह करायचा म्हणून ८६ ज्यू कैद्यांचे खून करवले. मायक्रोस्कोपच्या इतिहासात दोघांची नावं आजही जोडीनेच छापतात. मला ते रुचत नाही.

जाता जाता त्याच वर्षाची एक गोष्ट. १९२९मध्येच पाउल क्राइसने हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीचा अर्क वापरून कापड जास्त पांढरं दिसतं हे दाखवलं. आपल्या रानीपालचे ते पणजोबा.

तर १९३७-३८. हागेमान नावाचा जर्मन ऑरामिन उचलतो, क्षयाच्या जंतूवर ओततो, आणि काकांच्या खोलीतली ती पाटी तयार होते. रंग स्वस्त, कृती सोपी, बोळ्याची कटकट नाही. म्हणजे माझ्या जन्माच्या बावीस वर्षं आधी सगळं तयार होतं. सोयीचा दिवा तेवढा नव्हता.

माझ्या नोकरीपर्यंत दिवा आला होता पाऱ्याच्या वाफेचा. सुपारीएवढा काचेचा गोळा, आत पारा, प्रचंड दाब. त्याचे नियम मी पाठ केले होते. काचेला बोट लावायचं नाही, तेलकट ठशाच्या जागी काच फुटते. लावला की अर्धा तास बंद करायचा नाही, बंद केला की अर्धा तास लावायचा नाही. दोनशे तास झाले की बदलायचा, त्यासाठी तास लिहायची वेगळी वही. फुटला तर खोली सोडून बाहेर पळायचं. किंमत आमच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास.

असा एक मायक्रोस्कोप आमच्याकडेही आला होता. कुठल्या केंद्रात ते लिहीत नाही. उद्घाटन झालं, नारळ फुटला. चार महिन्यांनी दिव्याचे दोनशे तास भरले. मागणीपत्र गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. शेवटी यंत्रावर कव्हर चढलं आणि कव्हरवर कुणीतरी फाइली ठेवल्या. पुढे एकदा दिवा मिळाला, तर ते दिवस भारनियमनाचे. स्लाइड अर्धी वाचून होते आणि वीज जाते. ती दहा मिनिटांत आली तरी दिवा थंड व्हायला अर्धा तास. बाहेर बाकावर माणसं खोकत बसलेली. मी कव्हर पुन्हा चढवलं आणि बोळा पेटवला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

त्याच सुमाराला, २००८च्या ऑक्टोबरात, पेपरात जेलीफिशच्या नोबेलची बातमी आली. प्रतिदीप्तीची गोष्ट म्हणून हल्ली सगळीकडे हीच सांगतात, आणि आहेही ती सांगण्यासारखी. ओसामू शिमोमुरा नागासाकीजवळ इसाहायाला राहायचे. १९४५च्या नऊ ऑगस्टला सोळा वर्षांच्या या मुलाचे डोळे बॉम्बच्या झोताने काही क्षण दिपून गेले. घरी जाताना अंगावर काळा पाऊस पडला, आजीने लगेच आंघोळ घातली. पुढे नागोया विद्यापीठात काम करून ते अमेरिकेत गेले. १९६१च्या उन्हाळ्यात फ्रँक जॉन्सन यांच्यासोबत फ्रायडे हार्बरला जाळ्यांनी जेलीफिश पकडायचे, कात्रीने त्यांची चमकती कड कापायची, आणि वीस-तीस कडा एकदम कापडातून पिळायच्या. आपण खरवसाचा चीक गाळतो तशा. एका संध्याकाळी फसलेलं द्रावण त्यांनी मोरीत ओतलं आणि मोरी निळी भडकली. मोरीत समुद्राचं पाणी होतं, त्यातल्या कॅल्शियमने काम केलं. त्या उन्हाळ्यातल्या दहा हजार जेलीफिशमधून काही मिलिग्रॅम एक्वोरिन मिळालं. ते निळं चमकायचं. पण जिवंत जेलीफिश तर हिरवी दिसते. म्हणजे निळा रुपया घेऊन हिरवे बारा आणे देणारं दुसरं काहीतरी आत होतं. १९६२च्या लेखात त्या हिरव्या प्रथिनाची दखल तळटीपेपुरतीच आहे. पुढे वर्षानुवर्षं बायको-मुलांना घेऊन हा माणूस जाळी घेऊन धक्क्यावर उभा राहिला. एकूण साडेआठ लाख जेलीफिश.

ते प्रथिन बनवायची कृती, म्हणजे त्याचा जीन, डग्लस प्रॅशर यांनी १९९२ साली वेगळा केला. पुढचं अनुदान मिळालं नाही तेव्हा त्यांनी तो जीन मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पोस्टाने पाठवून दिला. चॅल्फीने १९९४ साली तो एका सूक्ष्म कृमीत घातला आणि त्या कृमीच्या स्पर्शाच्या चेतापेशी जिवंतपणी हिरव्या उजळल्या. वरून रंग ओतायची गरजच संपली, पेशी स्वतःच स्वतःला रंगवू लागली. त्सिएनने त्याचे निळे, पिवळे नमुने केले आणि मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी प्रवाळातून आणलेल्या लाल प्रथिनावरून पुढचे रंग. नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर तेव्हा अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने स्टॉकहोमला नेलं, हे चांगलंच केलं. तरी मला वाटतं, पोस्टाची पाकिटं पाठवण्याआधी या माणसाला आणखी दोन वर्षांचा पगार द्यायला हवा होता.

माझ्यासाठी मात्र मोठं नोबेल २०१४चं. त्या वर्षी रसायनाचं नोबेल बेट्झिग, हेल आणि मर्नर यांना मिळालं. चमकते रेणू वापरून प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची दीडशे वर्षांची मर्यादा त्यांनी ओलांडली. सगळ्या विज्ञान-पुरवण्या त्याने भरल्या. भौतिकाचं त्याच वर्षीचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना, निळ्या एलईडीसाठी. आकासाकी-आमानो नागोयाचेच, शिमोमुरांच्या विद्यापीठातले. नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी १९९३चा. घरातले बल्ब बदलले ते त्याच्यामुळे, हे सगळ्यांनी लिहिलं. ऑरामिनला नेमका लागतो तो हाच निळा, हे मी वाचलेल्या एकाही पुरवणीत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितलं की पाऱ्याचे दिवे काढा, एलईडी लावा. २०१३ साली आमच्याकडे आला तो मायक्रोस्कोप दिसायला अगदी साधा. काळा पडदा लागत नाही, नुसती खिडकी ओढून घेतली तरी चालतं. बटण दाबलं की उजेड, दाबलं की बंद, कितीही वेळा. दिव्याचं आयुष्य हजारो तासांचं. वीज गेली तर बॅटरीवर चालतो. पहिल्या दिवशी मी तास लिहायची वही काढून ठेवली होती. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, याला वही लागत नाही.” पाच वर्षांनी मी रिटायर झाले तेव्हा आतला दिवा पहिलाच होता.

त्या पाच वर्षांत लाल डागाने निसटले असते असे किती सापडले, याचा हिशेब माझ्याकडे नाही. ‘स्कॅन्टी’ म्हणून लिहिलेली नावं काही आठवतात. अख्ख्या स्लाइडीवर तीन-चार रेघा. बोळ्याच्या दिवसांत, दुपारी तीननंतर, त्या माझ्या डोळ्यांतून सुटल्या असत्या.

आता तर डोळाच लागत नाही. सीबीनॅट यंत्राच्या बंद डबीत बेडका घालायचा, दोनेक तासांत उत्तर कागदावर. त्यातही काम करतात ते चमकते रेणूच. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यागी आणि क्रेमर यांनी केलेले ‘मॉलिक्युलर बीकन’. जंतूचा नेमका जीन भेटला तरच उलगडून चमकणारे, नाहीतर मिटलेले. गोव्यात वेर्ण्याला तयार होणारं ट्रूनॅट हे यंत्रही जंतूचा जीन शोधताना चमकच वाचतं, आणि बॅटरीवर चालतं. त्याला २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. चमक यंत्र बघतं, आपण नुसता आकडा वाचतो. नव्या मुलींना त्याची खंत वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही.

एक गोष्ट मात्र बोळ्यापासून ट्रूनॅटपर्यंत तशीच आहे. डबीत थुंकी आली तर कुठलाच दिवा काही दाखवत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जा, तपासणी फुकट आहे. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, दोनदा खोल श्वास घ्या, आणि छातीतून खाकरून बेडका काढा. पातळ, फेसाळ असेल तर ती थुंकी. ती टाकून द्या आणि पुन्हा खोका.